इमेज घेण्याआधी डेटाबेस सर्व्हर कसा तयार करावा

एका पतसंस्थेच्या डेटाबेस सर्व्हरची इमेज, म्हणजे डिस्कची जशीच्या तशी नक्कल, रोज रात्री व्यवस्थित निघत होती. बॅकअपच्या सॉफ्टवेअरमध्ये रोज हिरवी खूण दिसायची, फाईलचा आकार आणि तारीखही बरोबर असायची. एका शनिवारी संध्याकाळी त्या मशीनची डिस्क गेली. आम्ही इमेज दुसऱ्या मशीनवर उतरवली. लिनक्स नीट सुरू झालं, पोस्टग्रेस हा डेटाबेस मात्र उठेना. लॉगमध्ये एकच ओळ होती: ‘कुड नॉट लोकेट अ व्हॅलिड चेकपॉइंट रेकॉर्ड’. चेकपॉइंटची, म्हणजे तोवरचे सगळे बदल मूळ फाईलींमध्ये लिहून झाल्याच्या खुणेची, नोंद सापडत नाही असं डेटाबेस सांगत होता, आणि ती नोंद इमेजमध्ये खरोखरच नव्हती.

सर्व्हरला दोन डिस्क होत्या. एकीवर डेटा आणि दुसरीवर पोस्टग्रेसचा वॉल, म्हणजे प्रत्येक बदल मूळ फाईलमध्ये जाण्याआधी जिथे लिहिला जातो तो लॉग. वेग मिळावा म्हणून ही मांडणी मीच केली होती. बॅकअपचं सॉफ्टवेअर डिस्क एकीमागून एक घेत होतं. वॉलची डिस्क रात्री १ वाजता घेतली आणि डेटाची १ वाजून ७ मिनिटांनी. पोस्टग्रेस मूळ सेटिंगनुसार दर ५ मिनिटांनी चेकपॉइंट करतो, त्यामुळे मधल्या ७ मिनिटांत एक चेकपॉइंट होऊन गेला. डेटाच्या डिस्कवरची ‘पीजी_कंट्रोल’ ही फाईल त्या नव्या चेकपॉइंटकडे बोट दाखवत होती, पण वॉलच्या इमेजमध्ये तो अजून घडलेलाच नव्हता. आदल्या रात्रीचा डंप, म्हणजे डेटाबेसमधून बाहेर काढलेली डेटाची प्रत, हाताशी होता म्हणून निभावलं. शनिवारचा भरणा मात्र काउंटरवरच्या दोघांनी रविवारी बसून व्हाउचरवरून पुन्हा टाकला.

इमेज भरवशाची निघणार की नाही, हे बॅकअपच्या सॉफ्टवेअरच्या हाती फार थोडं असतं. डेटाबेस सर्व्हरची मांडणी करतानाच ते बरंचसं ठरून जातं. म्हणून हा लेख सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं याबद्दल नाही. ते चालू होण्याआधी आपल्या सर्व्हरवर काय असायला हवं, याबद्दल आहे. माझं रोजचं काम पोस्टग्रेस आणि लिनक्सवर चालतं, त्यामुळे भर त्यावर आहे. मायएसक्यूएल आणि एसक्यूएल सर्व्हरच्या ज्या अडचणी वेगळ्या आहेत, त्या जागोजागी दिल्या आहेत. आज्ञा आणि सेटिंगची नावं उच्चाराप्रमाणे देवनागरीत लिहिली आहेत.

इमेजमध्ये नेमकं काय येतं

चालू डेटाबेसचा काही भाग डिस्कवर असतो आणि काही मेमरीत. कमिट झालेला (कायम केलेला) व्यवहार आधी लॉगमध्ये पक्का होतो. टेबलच्या मूळ फाईलमध्ये तो सवडीने जातो. त्यामुळे कोणत्याही क्षणी डिस्ककडे पाहिलं, तर टेबलच्या फाईली थोड्या मागे आणि लॉग पुढे असतो. वीज अचानक गेली तर डेटाबेस उठताना लॉग वाचतो आणि मागे पडलेल्या फाईली पुढे आणतो. हीच क्रॅश रिकव्हरी.

स्नॅपशॉट म्हणजे डिस्कची एका क्षणाला टिपलेली स्थिती. त्यावरून घेतलेली इमेज म्हणजे हुबेहूब त्या वीज गेलेल्या क्षणाची डिस्क. अशा इमेजला ‘क्रॅश कन्सिस्टंट’ म्हणतात. पुष्कळ जण हा शब्द ऐकून नाक मुरडतात, पण मला ते पटत नाही. वीज गेल्यावर जो डेटाबेस धड उठतो, तो अशा इमेजवरूनही धड उठतो. अट एवढीच की सगळ्या डिस्क एकाच क्षणी टिपलेल्या असाव्यात, डेटाबेसच्या सुरक्षेच्या सेटिंग चालू असाव्यात, आणि खालची डिस्क ‘लिहिलं’ म्हणाली की तिने खरंच लिहिलेलं असावं. यातली एक अट जरी सुटली तरी इमेज दिसायला पूर्ण आणि आतून फाटलेली निघते.

‘ॲप्लिकेशन कन्सिस्टंट’ इमेजमध्ये डेटाबेसला आधी कळवलं जातं. तो आवरासावर करतो, लिहिणं क्षणभर थांबवतो आणि मग स्नॅपशॉट निघतो. जमेल तिथे हीच पद्धत वापरावी. पण ती वापरत असलात तरी वरच्या अटी सुटत नाहीत.

चालू डेटाबेसची डेटा डिरेक्टरी ‘आरसिंक’ किंवा ‘टार’ने उचलणं ही तिसरीच गोष्ट, आणि तिला इमेज म्हणूच नये. पहिली फाईल १ वाजता आणि शेवटची पावणेदोनला वाचली जाते. मधल्या काळात डेटाबेस लिहीतच असतो. नुसती तशी उचललेली डिरेक्टरी कधीकधी उठतेही, आणि तेच जास्त घातक, कारण आतली चूक महिन्यांनी कळते.

आधी डेटा कुठे कुठे आहे ते शोधा

कागद घ्या आणि या सर्व्हरच्या डेटाबेसला उठायला कोणकोणत्या फाईली लागतात, ते लिहून काढा. पोस्टग्रेसमध्ये ‘शो डेटा_डिरेक्टरी’ विचारा. मग ‘पीएसक्यूएल’मध्ये ‘बॅकस्लॅश डीबी’ देऊन टेबलस्पेस (टेबलं ठेवायच्या वेगळ्या जागा) पाहा. डेटा डिरेक्टरीतलं ‘पीजी_वॉल’ हे खरं फोल्डर आहे की दुसऱ्या डिस्ककडे नेणारी सिमलिंक आहे, हेही बघा. नंतर ‘एलएसबीएलके’ आणि ‘फाइंडमाउंट’ने प्रत्येक वाट कोणत्या डिस्कवर जाते ते तपासा. डेबियन आणि उबंटूवर पोस्टग्रेसच्या कॉन्फिगरेशनच्या फाईली डेटा डिरेक्टरीत नसतात, ‘ईटीसी’मध्ये असतात. फक्त डेटाच्या डिस्कची इमेज घेणाऱ्यांच्या हातून त्या हमखास सुटतात.

मायएसक्यूएलमध्ये ‘डेटाडिर’ पाहून थांबू नका. इनोडीबी या मायएसक्यूएलच्या नेहमीच्या स्टोरेज इंजिनचे रीडू लॉग, अनडू फाईली आणि बदलांची नोंद ठेवणारा बिनलॉग वेगवेगळ्या डिस्कवर असू शकतात, आणि प्रत्येकासाठी वेगळं सेटिंग असतं. एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘सिस डॉट मास्टर_फाइल्स’ हा व्ह्यू एका क्वेरीत सगळ्या फाईलींची यादी देतो. डेटाबेस एन्क्रिप्ट केलेला असेल तर सर्टिफिकेट आणि किल्ल्या वेगळ्या, सुरक्षित जागी आहेत का ते आजच पाहा. त्यांच्याशिवाय इमेज असून नसल्यासारखी आहे.

व्हर्च्युअल मशीन असेल तर आणखी दोन जागा तपासा. व्हीएमवेअरमध्ये ‘इंडिपेंडंट’ म्हणून लावलेली डिस्क मशीनच्या स्नॅपशॉटमध्ये येत नाही. आणि मशीनच्या आतून आयस्कझीने (नेटवर्कवरून डिस्क जोडायची पद्धत) थेट जोडलेल्या डिस्कची हायपरव्हायजरला (व्हर्च्युअल मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरला) दखलच नसते. तिकडे बॅकअप ‘यशस्वी’ दाखवतो, आणि डेटा मात्र त्यात नसतो.

मांडणी

यादी तयार झाली की पहिला निर्णय असा घ्यायचा: डेटा आणि लॉग एकाच व्हॉल्यूमवर (एक डिस्क म्हणून वापरायच्या जागेवर) ठेवायचे, की दोन्ही एका क्षणी टिपण्याची हमी देणारी यंत्रणा वापरायची. लहान आणि मध्यम डेटाबेससाठी मी आता डोळे झाकून पहिला पर्याय निवडतो. एसएसडीच्या काळात लॉग वेगळ्या डिस्कवर ठेवून मिळणारा फायदा पुष्कळ ठिकाणी मोजायलाही कठीण असतो, आणि त्यापायी ओढवणारा धोका मी जवळून पाहिला आहे.

दोन व्हॉल्यूम ठेवणं भाग असेल तर गट करून स्नॅपशॉट घेता आला पाहिजे. बऱ्याच स्टोरेज यंत्रणांत त्याला ‘कन्सिस्टन्सी ग्रुप’ म्हणतात. ॲमेझॉनच्या ईबीएस या क्लाउड डिस्कच्या सेवेत एका मशीनला जोडलेल्या अनेक व्हॉल्यूमचा एकाच क्षणाचा स्नॅपशॉट घेण्याची सोय आहे, पण ती मुद्दाम वापरावी लागते. व्हॉल्यूमागणिक वेगळी आज्ञा दिली तर तो क्षण एक राहत नाही. एलव्हीएममध्येही (लिनक्सचा व्हॉल्यूम सांभाळणारा भाग) दोन लॉजिकल व्हॉल्यूमचे स्नॅपशॉट दोन वेगळ्या क्षणांचेच असतात, आज्ञा कितीही पाठोपाठ दिल्या तरी.

इमेज लहान व्हावी म्हणून तात्पुरत्या फाईलींची डिस्क वगळायचा मोह होतो. एसक्यूएल सर्व्हरचा ‘टेम्पडीबी’ प्रत्येक वेळी नव्याने तयार होतो, त्यामुळे तो वगळला तर चालतं. फक्त नव्या मशीनवर तेच ड्राइव्ह आणि तेच फोल्डर आधी करून ठेवायचं. पोस्टग्रेसमध्ये मात्र तात्पुरत्या कामासाठी केलेलं टेबलस्पेससुद्धा वगळू नका. पोस्टग्रेसच्या दृष्टीने टेबलस्पेस हा क्लस्टरचाच (एका पोस्टग्रेस सर्व्हरवरच्या सगळ्या डेटाबेसच्या गटाचाच) भाग असतो आणि तो हरवला तर अख्खा क्लस्टर अडू शकतो.

सेटिंग: पाच मिनिटांचं काम

पोस्टग्रेसमध्ये ‘एफसिंक’ (लिहिलेलं खरंच डिस्कवर पोचवण्याचं सेटिंग) आणि ‘फुल_पेज_राइट्स’ दोन्ही ‘ऑन’ आहेत का पाहा. मुळात ती ऑनच असतात. पण डेटा आयात करताना कुणीतरी वेगासाठी बंद करतं आणि काम झाल्यावर परत चालू करायचं राहून जातं. ‘फुल_पेज_राइट्स’ कशासाठी ते समजून घ्या. पोस्टग्रेसचं पान ८ केबीचं असतं आणि खालच्या फाइलसिस्टिमचा ब्लॉक बहुधा ४ केबीचा. पान लिहीत असतानाच वीज गेली, तर अर्धं नवं आणि अर्धं जुनं असं फाटकं पान उरतं. चेकपॉइंटनंतर एखादं पान पहिल्यांदा बदललं की पोस्टग्रेस ते पूर्णच्या पूर्ण लॉगमध्ये लिहितो, आणि त्यावरून फाटकं पान दुरुस्त होतं. इनोडीबीचं पान १६ केबीचं असतं आणि तिथे हेच काम ‘डबलराइट बफर’ करतो. तोही चालू असला पाहिजे.

मायएसक्यूएलमध्ये ‘इनोडीबी_फ्लश_लॉग_ॲट_टीआरएक्स_कमिट’ आणि ‘सिंक_बिनलॉग’ या दोन्हींची किंमत १ ठेवा. मग ‘इन्फर्मेशन_स्कीमा’मधल्या ‘टेबल्स’ला विचारून एखादं मायआयसॅम (जुनं स्टोरेज इंजिन) टेबल उरलंय का ते शोधा. मायआयसॅमला क्रॅश रिकव्हरीचा लॉगच नाही. जुन्या सॉफ्टवेअरमध्ये अशी एकदोन टेबलं कोपऱ्यात पडलेली असतात, आणि बऱ्याचदा नेमकी पावती क्रमांकाची किंवा सेटिंगची असतात. ती इनोडीबीत न्या.

पोस्टग्रेसमध्ये डेटा चेकसम (पान खराब झालं तर ते कळवणारे पडताळणीचे आकडे) चालू आहेत का, हे ‘शो डेटा_चेकसम्स’ने कळतं. नसतील तर १२ किंवा पुढच्या आवृत्तीत सर्व्हर बंद ठेवून ‘पीजी_चेकसम्स’ने चालू करता येतात. आवृत्ती १८ पासून नवा क्लस्टर करताना ते आपसूक चालू होतात. हे का महत्त्वाचं? इमेज घेणारं सॉफ्टवेअर ब्लॉक उचलतं, त्यातलं पान खराब आहे हे त्याला कळत नाही. खराब पानाचीही प्रामाणिक नक्कल होते, आणि जुन्या इमेज पुसल्या जाता जाता एक दिवस चांगली प्रत एकही उरत नाही. म्हणून मूळ सर्व्हरची तपासणी ठरलेल्या वेळी करा. पोस्टग्रेस १४ पासून ‘पीजी_एमचेक’ मिळतं, एसक्यूएल सर्व्हरमध्ये ‘डीबीसीसी चेकडीबी’ आहे.

हार्डवेअरबद्दल थोडक्यात. रेड कंट्रोलरची (अनेक डिस्क एकत्र चालवणाऱ्या कार्डाची) राइट कॅश चालू असेल तर त्याची बॅटरी जिवंत असली पाहिजे. डेटाबेससाठी एसएसडी घेताना वीज गेल्यावर हातातलं लिखाण पुरं करण्याची सोय त्यात आहे का ते पाहून घ्या. डेस्कटॉपच्या एसएसडीत ती सहसा नसते.

स्नॅपशॉटसाठी जागा

एलव्हीएमचा नेहमीचा स्नॅपशॉट घेतला की मूळ व्हॉल्यूमवरचा जो भाग बदलेल, त्याची जुनी प्रत स्नॅपशॉटच्या जागेत जाते. ती जागा भरली की स्नॅपशॉट निकामी होतो. इमेज ८० टक्के वाचून झाली असली तरी ती टाकूनच द्यावी लागते. त्यामुळे जागेचा हिशोब अंदाजाने करू नका.

ज्या वेळी बॅकअप चालणार, त्याच वेळी २-३ रात्री ‘आयओस्टॅट’ने डेटाच्या डिस्कवर सेकंदाला किती लिहिलं जातं ते मोजा. समजा सरासरी २ एमबी निघाली आणि इमेज वाचायला ३ तास लागतात. ३ तासांचे १०,८०० सेकंद, म्हणजे साधारण २१ जीबी. याच्या दुप्पट, ४५ जीबीच्या आसपास जागा व्हॉल्यूम ग्रुपमध्ये मोकळी ठेवा. मशीन बसवतानाच व्हॉल्यूम ग्रुपची सगळी जागा डेटाला देऊन टाकायची सवय असते. तिथेच हात आवरा. स्नॅपशॉट चालू असताना ‘एलव्हीएस’मधला डेटाचा टक्का पाहत राहा, आणि तो ७०च्या वर गेला की आपल्याला कळेल अशी सूचना लावा.

स्नॅपशॉट एक्सएफएस या फाइलसिस्टिमचा असेल तर त्याच मशीनवर माउंट करताना ‘नोयूयूआयडी’ हा पर्याय द्यावा लागतो, नाहीतर एकाच ओळखीच्या दोन फाइलसिस्टिम दिसून माउंट नाकारलं जातं. काम झालं की स्नॅपशॉट लगेच काढा. तो असेपर्यंत प्रत्येक नव्या भागाच्या पहिल्या लिखाणाला जादा कॉपीचा भुर्दंड पडत राहतो. व्हीएमवेअरच्या स्नॅपशॉटचंही तसंच आहे. ७२ तासांहून जास्त ठेवू नका असं व्हीएमवेअर स्वतःच सांगते. खूप वाढलेला स्नॅपशॉट काढताना मशीन काही काळ थिजतं, आणि भर कामाच्या वेळी तसं झालं की काउंटरवर रांग लागते.

गोठवणं आणि सोडवणं

लेखाचा सगळ्यात नाजूक भाग हा आहे. स्क्रिप्ट इथे लिहावी लागते, आणि स्क्रिप्ट चुकली तर बॅकअप तर जातोच, शिवाय चालू सर्व्हरही अडकतो.

पोस्टग्रेसचं सगळं एकाच व्हॉल्यूमवर असेल तर काम सोपं आहे. आधी ‘चेकपॉइंट’ ही आज्ञा द्या, म्हणजे उठताना वाचायचा लॉग कमी होतो. मग ‘एलव्हीक्रिएट’ने स्नॅपशॉट घ्या. एलव्हीएम स्वतःच त्या क्षणापुरती फाइलसिस्टिम गोठवतं. वेगळं काही करावं लागत नाही.

व्हॉल्यूम अनेक असतील, किंवा या इमेजवरून पुढे हव्या त्या मिनिटापर्यंत जायचं असेल, तर ‘पीजी_बॅकअप_स्टार्ट’ आणि ‘पीजी_बॅकअप_स्टॉप’ ही फंक्शन वापरायची. आवृत्ती १४ पर्यंतच्या जुन्या लेखांत ती ‘पीजी_स्टार्ट_बॅकअप’ आणि ‘पीजी_स्टॉप_बॅकअप’ या नावांनी दिसतील. १५ मध्ये नावं बदलली आणि जुनी ‘एक्स्क्लुझिव्ह’ पद्धत कायमची काढून टाकली.

इथे एक चूक मी इतक्या स्क्रिप्टमध्ये पाहिली आहे की ती सावकाश सांगतो. स्क्रिप्टमध्ये तीन ओळी असतात: पहिलीत ‘पीएसक्यूएल’ने स्टार्ट, दुसरीत स्नॅपशॉट, तिसरीत पुन्हा ‘पीएसक्यूएल’ने स्टॉप. वाचायला अगदी बरोबर वाटतं. पण पहिली ओळ संपली की ते कनेक्शन बंद होतं, आणि कनेक्शन बंद झालं की पोस्टग्रेस बॅकअप रद्द करतो. तिसरी ओळ नव्या कनेक्शनवरून स्टॉप म्हणते, तेव्हा ‘बॅकअप इज नॉट इन प्रोग्रेस’ असं उत्तर येतं. स्क्रिप्ट ते उत्तर पाहत नाही आणि पुढे जाते. स्टार्टपासून स्टॉपपर्यंत एकच कनेक्शन उघडं राहिलं पाहिजे. सगळ्यात सोपा उपाय म्हणजे एकाच ‘पीएसक्यूएल’ सत्रात स्टार्ट द्यायचं, त्याच सत्रातून बॅकस्लॅश आणि उद्गारचिन्ह लावून स्नॅपशॉटची शेल आज्ञा चालवायची, आणि त्याच सत्रात स्टॉप द्यायचं.

स्टॉप जे परत देतं ते टाकून देऊ नका. त्यात ‘बॅकअप_लेबल’चा आणि टेबलस्पेस असतील तर ‘टेबलस्पेस_मॅप’चा मजकूर असतो. तो जसाच्या तसा, एक अक्षरही न बदलता, इमेजसोबत जपायचा आणि रिस्टोअर करताना त्या नावांच्या फाईली करून डेटा डिरेक्टरीत ठेवायचा. लॉग कुठून वाचायला सुरुवात करायची हे पोस्टग्रेसला त्यावरूनच कळतं. बॅकअपच्या काळातल्या वॉल फाईलीही जपल्या पाहिजेत, नाहीतर अशी इमेज उठत नाही.

मायएसक्यूएलमध्ये हीच चूक दुसऱ्या रूपात भेटते. ‘फ्लश टेबल्स विथ रीड लॉक’ने घेतलेलं कुलूप कनेक्शन संपताच सुटतं. शिवाय त्यात आणखी एक काटा आहे. एखादी लांबलचक रिपोर्टची क्वेरी चालू असेल तर हे कुलूप तिच्यासाठी थांबतं, आणि त्याच्यामागे येणारं प्रत्येक लिखाण कुलपासाठी थांबतं. एका रिपोर्टमुळे अख्खं सॉफ्टवेअर बंद पडल्यासारखं होतं. ‘लॉक_वेट_टाइमआउट’ची मूळ किंमत ३,१५,३६,००० सेकंद आहे, म्हणजे बरोबर १ वर्ष. बॅकअपच्या सत्रात ती ३० सेकंदांवर आणा आणि कुलूप मिळालं नाही तर माघार घेऊन थोड्या वेळाने पुन्हा प्रयत्न करा. सगळी टेबलं इनोडीबीत असतील आणि सगळं एकाच व्हॉल्यूमवर असेल, तर या कुलपाविनाही स्नॅपशॉट चालतो. बिनलॉगची नेमकी जागा नोंदवायची असेल तेव्हाच ते घ्या.

‘एफएसफ्रीझ’ने फाइलसिस्टिम गोठवत असाल तर फक्त डेटाचं माउंट गोठवा, मूळ ‘रूट’ कधीच नाही. आणि स्क्रिप्टचा लॉग त्या गोठवलेल्या जागेत जात नाही ना, हे दोनदा पाहा. तसं असेल तर स्क्रिप्ट स्वतःच्या लॉगची ओळ लिहायला जाते, तिथेच अडकते, आणि सोडवण्याची आज्ञा देणारं मग कुणी उरत नाही. स्क्रिप्ट कोणत्याही कारणाने मेली तरी सोडवण्याची आज्ञा चालेल असा ‘ट्रॅप’ लावा. शिवाय ६० सेकंदांनी काहीही झालं तरी सोडवणारी वेगळी प्रक्रिया आधीच सुरू करून ठेवा.

केव्हीएम या लिनक्सच्या हायपरव्हायजरवर मशीनच्या आत ‘क्यूईएमयू गेस्ट एजंट’ बसवलेला आणि चालू हवा. गोठवण्याच्या आधी आणि नंतर तो हुक स्क्रिप्टला ‘फ्रीझ’ आणि ‘थॉ’ असे शब्द देऊन बोलावतो. व्हीएमवेअरवर हेच काम व्हीएमवेअर टूल्सच्या ‘प्री-फ्रीझ’ आणि ‘पोस्ट-थॉ’ स्क्रिप्ट करतात. एजंट बंद असला तरी काही सॉफ्टवेअर गपचूप क्रॅश कन्सिस्टंट इमेज घेऊन मोकळी होतात. तसं झालं तर बॅकअप अयशस्वी धरा, असं सेटिंग असेल तर ते लावून ठेवा.

एसक्यूएल सर्व्हर असेल तर

विंडोजवर गोठवण्याचं काम व्हीएसएस ही स्नॅपशॉटची सेवा करते आणि एसक्यूएल सर्व्हरच्या बाजूने ‘एसक्यूएल रायटर’ ही सर्व्हिस उत्तर देते. ‘व्हीएसएसॲडमिन लिस्ट रायटर्स’ ही आज्ञा द्या. यादीत हा रायटर दिसला पाहिजे, त्याची स्थिती ‘स्टेबल’ आणि शेवटची चूक ‘नो एरर’ असली पाहिजे. यादीत नावच नसेल तर सर्व्हिस बहुधा बंद आहे. इमेज निघाल्यावर एसक्यूएल सर्व्हरचा एरर लॉग उघडा. प्रत्येक डेटाबेससाठी आयओ गोठल्याची ३१९७ क्रमांकाची आणि पुन्हा सुरू झाल्याची ३१९८ क्रमांकाची नोंद जोडीने दिसली पाहिजे. बॅकअपच्या सॉफ्टवेअरचं म्हणणं काहीही असो, डेटाबेसला बॅकअप खरोखर कळला होता का, याचा पुरावा या दोन ओळी आहेत.

इथे दोन गोष्टी लोकांना हमखास नडतात. रिकव्हरी मॉडेल ‘फुल’ ठेवून फक्त इमेजवर विसंबलात तर ट्रान्झॅक्शन लॉग कधीच रिकामा होत नाही. तो वाढत वाढत एक दिवस डिस्क भरतो. लॉगचा बॅकअप वेगळा घ्यावाच लागतो. दुसरी अशी की तुम्ही एसक्यूएल सर्व्हरचे स्वतःचे फुल आणि डिफरन्शियल (शेवटच्या फुलनंतर बदललेलंच घेणारे) बॅकअपही घेत असाल, तर रात्रीची इमेज स्वतःला फुल बॅकअप म्हणून नोंदवते आणि पुढचा डिफरन्शियल तिच्यावर बेततो. मग जुना फुल आणि नवा डिफरन्शियल एकमेकांना जुळत नाहीत. इमेजच्या सॉफ्टवेअरमध्ये ‘कॉपी ओन्ली’ निवडा, आणि ‘एमएसडीबी’तल्या ‘बॅकअपसेट’ टेबलमध्ये ‘इज_स्नॅपशॉट’ आणि ‘इज_कॉपी_ओन्ली’ हे रकाने पाहून खात्री करा.

इमेज रात्री १ची, चूक दुपारी ४ची

‘व्हेअर’ न लावता चालवलेला ‘डिलीट’ इमेजने भरून निघत नाही. मधले १५ तास कुठून आणणार? त्यासाठी लॉग सतत बाहेर गेला पाहिजे. पोस्टग्रेसमध्ये ‘आर्काइव्ह_मोड’ चालू करा आणि ‘आर्काइव्ह_कमांड’ अशी लिहा की तिकडे त्याच नावाची फाईल आधीच असेल तर ती पुसून नवी लिहायची नाही, चूक परत द्यायची. ‘पीजी_स्टॅट_आर्काइव्हर’मधला अपयशाचा आकडा रोज पाहा. आर्काइव्ह अडकलं की वॉल फाईली सर्व्हरवरच साचतात आणि डिस्क भरून डेटाबेस बंद पडतो.

इमेजची वेळ ठरवताना डेटाबेसचा दिनक्रम पाहा. पतसंस्था किंवा बँकेत दिवसअखेरचं काम संपल्यावर इमेज घ्या, त्याच्या मधोमध नको. इंडेक्स नव्याने बांधणं, मोठा व्हॅक्यूम, महिनाअखेरची व्याज आकारणी ही कामं त्या वेळेपासून दूर ठेवा. ३१ मार्चला वेळापत्रकावर विसंबू नका. वर्षअखेर बंद करण्याआधी एक आणि नंतर एक, अशा दोन इमेज हाताने घ्या.

हायपरव्हायजरवरचा स्नॅपशॉट त्याच स्टोरेजवर असतो, त्यामुळे तो अजून बॅकअप झालेला नाही. इमेज दुसऱ्या यंत्रावर आणि एक प्रत दुसऱ्या इमारतीत गेली पाहिजे. ती एन्क्रिप्ट केलेली असावी, कारण सर्व्हरच्या इमेजमध्ये प्रत्येक खातेदाराची माहिती असते. बॅकअप ठेवायच्या जागेचा पासवर्ड डेटाबेस सर्व्हरवर साठवू नका, नाहीतर रॅन्समवेअर सर्व्हरवरून थेट बॅकअपपर्यंत पोचतं.

उतरवून पाहिल्याशिवाय

३१ जानेवारी २०१७ रोजी गिटलॅब या सॉफ्टवेअर कंपनीच्या एका इंजिनिअरच्या हातून चुकून मुख्य डेटाबेस सर्व्हरवरची डेटा डिरेक्टरी पुसली गेली. त्यानंतर काय झालं ते कंपनीने स्वतःच सविस्तर प्रसिद्ध केलं, आणि या क्षेत्रातल्या प्रत्येकाने ते समजून घ्यावं असं मला मनापासून वाटतं. रोजचा ‘पीजी_डंप’ चालतच नव्हता, कारण ९.६च्या डेटाबेसवर ९.२चं साधन चालवलं जात होतं. तो फसल्याचे ईमेल डीमार्क या ईमेल पडताळणीच्या नियमात अडकून नाकारले जात होते. डेटाबेस सर्व्हरसाठी अझ्युर या मायक्रोसॉफ्टच्या क्लाउडचे डिस्क स्नॅपशॉट चालूच केलेले नव्हते. वाचवलं ते एका एलव्हीएम स्नॅपशॉटने, जो साधारण ६ तास आधी एका इंजिनिअरने दुसऱ्याच कामासाठी हाताने घेतला होता. मधल्या ६ तासांचा डेटा गेला तो गेलाच.

म्हणून फसल्याचा ईमेल आला नाही, यावर समाधान मानू नका. ‘गेल्या २४ तासांत इतक्या आकाराची नवी इमेज बाहेरच्या जागी पोचली’ अशी होकारार्थी खबर रोज आली पाहिजे, आणि ती आली नाही तर फोन वाजला पाहिजे.

निदान तीन महिन्यांतून एकदा इमेज पूर्ण उतरवा. त्याआधी त्या मशीनचं नेटवर्क तोडा. हे मी ठासून सांगतो. उतरलेलं मशीन स्वतःला खराच सर्व्हर समजतं. क्रॉन (ठरलेल्या वेळी कामं चालवणारी यंत्रणा) सुरू होतं, रांगेतले एसएमएस खातेदारांना जाऊ लागतात, आयपी पत्ता मूळ सर्व्हरशी भांडतो. ‘आर्काइव्ह_कमांड’ तशीच असेल तर ते आपला लॉग खऱ्या आर्काइव्हमध्ये घुसवू पाहतं. मायएसक्यूएलच्या ‘ऑटो डॉट सीएनएफ’मध्ये सर्व्हरचा यूयूआयडी, म्हणजे त्याची एकमेव ओळख, असतो. उतरलेली प्रत रेप्लिकेशनमध्ये जोडायची असेल तर ती फाईल आधी काढा, म्हणजे नवा यूयूआयडी तयार होतो.

मग पोस्टग्रेस सुरू करून लॉग ओळीओळीने वाचा. आधी डेटाबेस मध्येच थांबला होता असं सांगणारी ओळ येते. मग ‘रीडू स्टार्ट्स’, मग ‘रीडू डन’, आणि शेवटी तो कनेक्शन घ्यायला तयार असल्याची ओळ. यात ‘पॅनिक’ किंवा ‘इनव्हॅलिड पेज’ कुठेही नको. पुढे ‘पीजी_डंप’ चालवून आउटपुट ‘डेव्ह-नल’मध्ये सोडा. त्याने प्रत्येक टेबलचा प्रत्येक रेकॉर्ड वाचला जातो. इंडेक्स त्यात तपासले जात नाहीत, त्यांच्यासाठी ‘पीजी_एमचेक’. क्लाउडवर ही वेळ मोजताना एक गोष्ट ध्यानात ठेवा: ईबीएसच्या स्नॅपशॉटवरून केलेलं व्हॉल्यूम लगेच दिसतं, पण ब्लॉक मागितल्यावर मागून येत राहतात. त्यामुळे पहिले काही तास डेटाबेस रांगतो.

शेवटची तपासणी डेटाबेसवाल्याने करू नये, कामकाज जाणणाऱ्याने करावी. त्या पतसंस्थेत आता रोखपाल बाई समोर बसतात. इमेजच्या रात्रीचा शेवटचा पावती क्रमांक, रोख शिल्लक आणि त्यांनी स्वतः निवडलेली पाच खाती, एवढं त्या छापील डे-बुकशी ताडून पाहतात. वॉल आता डेटाच्याच व्हॉल्यूमवर आहे. सराव झाला की जाड बांधणीच्या एका वहीत नोंद होते: तारीख, कोणती इमेज, उतरवायला सुरुवात किती वाजता, डेटाबेस किती वाजता उठला, पावती क्रमांक जुळला की नाही, काय अडलं. खाली माझी सही आणि शेजारी बाईंची.